ग्रामसभा, रानडुक्कर आणि बंदूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुईमूग, मका, ऊस किंवा भात रात्रीत लोळवलेला दिसला की पुढच्या ग्रामसभेत बंदुकीचा विषय निघतोच. एक बाजू म्हणते परवाने द्या, दुसरी म्हणते आहेत तेच जमा करा, आणि सरपंच दोघांच्या मध्ये. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागासाठी आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे: बंदूक बाळगण्याचा परवाना आणि जनावर मारण्याची परवानगी ही दोन वेगळी कुलपं आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या कार्यालयांत असतात.

ग्रामसभेने ठराव करून डुक्कर मारायची परवानगी देता येते का?

नाही. एकमताने केला, टाळ्यांच्या गजरात केला, तरी नाही. शस्त्रं हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत (केंद्राचे विषय, नोंद ५) आहे. वन्य प्राणी-पक्ष्यांचं संरक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांचे विषय, नोंद १७ ख) गेलं. पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांच्या अकराव्या अनुसूचीत सामाजिक वनीकरण आणि गौण वनोपज आहे. बंदूकही नाही, शिकारही नाही. वनहक्क कायदा, २००६ ग्रामसभेला वन्यजीव राखण्याचा अधिकार देतो, पण त्याच कायद्याने पारंपरिक हक्कांच्या यादीतून शिकार स्पष्टपणे वगळली आहे. 'आमच्याकडे सामूहिक वनहक्क आहे, म्हणजे पारध करता येते' हा समज म्हणूनच चुकीचा.

उलट बाजूलाही हेच लागू. गावात बंदूकबंदीचा ठराव केल्याने कोणाचा परवाना रद्द होत नाही. परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ नुसार परवाना प्राधिकाऱ्याकडे आहे.

मग ठराव करायचा कशाला?

कारण वनखात्याचा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा निर्णय कागदावर चालतो, आणि तो कागद गावाइतका चांगला कोणी तयार करू शकत नाही. बहुतेक ठराव फुकट जातात ते मजकुरामुळे. 'वन्य प्राण्यांचा त्रास वाढला असून शासनाने योग्य ती कार्यवाही करावी' या वाक्यावर कोणताही अधिकारी काहीही करू शकत नाही. त्यात प्राणी कोणता, शेत कोणतं, मागणी कोणाकडे, यातलं काहीच नाही.

कामाच्या ठरावात काय असतं? प्राण्याचं नाव: रानडुक्कर की रोही (नीलगाय), 'जंगली जनावरं' नव्हे. बाधित गट नंबर, प्रत्येकाचं क्षेत्र आणि उभं पीक. मागच्या हंगामात किती पंचनामे झाले, त्यांच्या तारखा. आतापर्यंत काय करून पाहिलं: राखण, कुंपण, फटाके, आणि ते कुठे कमी पडलं. गावाच्या हद्दीत परवानाधारक किती आणि त्यांतले किती बंदूक चालवायला सक्षम. शेवटी मागणी, आणि ती एकेका कार्यालयाकडे वेगवेगळी: वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे ठरावीक गटांपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती परवानगी; जिल्हाधिकाऱ्यांकडे शेतसंरक्षणासाठीच्या बंदूक परवान्यांच्या प्रलंबित अर्जांचा निपटारा. एकाच ठरावात दहा खात्यांना साकडं घातलं की तो कोणाच्याच टेबलावर राहत नाही.

गणपूर्तीही पाहा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. सह्यांचं पुस्तक अर्धवट असलं की विरोधक पहिला आक्षेप तिथेच घेतात, आणि बरोबरच घेतात.

माझ्याकडे शेतसंरक्षणाचा परवाना आहे. शेतात शिरलेलं डुक्कर मारलं तर?

वनखात्याचा लेखी आदेश नसेल तर तो गुन्हा आहे. परवान्यावर 'शेतसंरक्षण' लिहिलंय याचा अर्थ त्या कामासाठी बंदूक बाळगता येते, हवेत बार काढून कळप हुसकावता येतो. जनावरावर नेम धरायचा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खालचा आदेश लागतो.

त्या कलमात दोन पायऱ्या आहेत. त्या कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी (कोणते ते पुढच्या प्रश्नात) माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक आदेश काढतात. पीक खाल्लं हे कारण तिथे चालत नाही. अनुसूची २ मधल्या प्राण्यासाठी मात्र 'मालमत्तेला धोका' पुरतो आणि मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे. इथे अधिकार दिलेला खालचा अधिकारीही आदेश काढू शकतो. दोन्ही ठिकाणी आदेश लेखी आणि कारणांसह हवा. 'साहेब फोनवर हो म्हणाले' हा आदेश नाही.

महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हे अधिकार शासन निर्णयाने खाली सोपवलेले आहेत. त्यामुळे अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करायचा, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नागपूरला धाव घ्यायची नाही. सोबत सातबारा, पीकपाहणी, पंचनाम्यांच्या प्रती आणि ज्याच्या बंदुकीने काम होणार त्याच्या परवान्याची प्रत जोडा. पोच घ्या, त्यावर तारीख आणि आवक क्रमांक घालून घ्या.

कोणता प्राणी कोणत्या अनुसूचीत?

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आधीच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या. प्राण्यांसाठी आता १ आणि २ एवढ्याच लक्षात ठेवायच्या (३ वनस्पतींची, ४ आंतरराष्ट्रीय व्यापाराशी संबंधित). रानडुक्कर, रोही आणि ससा दुसरीत. वाघ, बिबट्या, अस्वल, हत्ती, गवा, काळवीट आणि मोर पहिलीत. दक्षिणेकडचं लाल तोंडाचं माकडही आता पहिलीत आहे, म्हणून 'डुकरासारखी माकडांचीही परवानगी द्या' ही मागणी वनपरिक्षेत्र कार्यालयात टिकत नाही. जुन्या पुस्तिकांत अजून 'अनुसूची ३, ४, ५' छापलेलं सापडतं. ठरावात ते उतरवू नका.

रानडुक्कर सरसकट 'उपद्रवी' (म्हणजे शिकारबंदीतून वगळलेलं) का जाहीर करत नाहीत?

तो अधिकार कलम ६२ खाली केंद्र सरकारचा आहे, आणि तोही ठरावीक क्षेत्र आणि ठरावीक मुदतीपुरता. तसं याआधी झालंय: डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर, फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर, मार्च २०१६ मध्ये शिमल्यात माकडं. बिहारमध्ये मोकामा भागात बाहेरचे नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले गेले आणि त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर खडाजंगी झाली. ग्रामसभेने ही मागणी जरूर करावी, पण तिची वाट पाहत कलम ११ चा अर्ज थांबवू नये. नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते.

केरळात सरपंच परवानगी देतात म्हणे. आमचे का नाही?

केरळ सरकारने मे २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षक करून रानडुकरापुरते अधिकार दिले. विष, स्फोटकं आणि विजेचा वापर नको, परवानाधारकानेच मारायचं, मृत जनावराची नीट विल्हेवाट लावायची, अशा अटी त्यासोबत आल्या. म्हणजे तिथेही अधिकार राज्याने सोपवला म्हणून आला. पंचायतीने तो स्वतःकडे घेतला नाही. कोझिकोड जिल्ह्यातल्या चक्किट्टपारा पंचायतीने २०२५ मध्ये वस्तीत शिरणारा कोणताही वन्य प्राणी मारायचा ठराव केला, तेव्हा वाद पेटला तो याच सीमेवर. हत्ती आणि वाघ हे सोपवलेल्या अधिकारात कधीच नव्हते.

महाराष्ट्रात असं हवं असेल तर मागणी राज्य सरकारकडे करायची. आणि सरपंचांनी आधी विचार करावा: आदेशावर सही त्यांची असेल, तर चुकलेल्या गोळीनंतरचे प्रश्नही त्यांनाच विचारले जातील.

शेतसंरक्षणाचा नवा परवाना कसा मिळतो?

अर्ज नमुना अ-१ मध्ये, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवं. ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. शेतसंरक्षणासाठी सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे हेच खरे पुरावे. पंचनामाच कधी करून घेतला नसेल तर 'गरज सिद्ध होत नाही' असा शेरा येतो, आणि त्याला उत्तर नसतं. नंतर पोलीस अहवाल, मग निर्णय.

कायद्यातली एक गोष्ट अर्जदारांना क्वचित माहीत असते. कलम १३(३) नुसार पोलीस अहवाल अनुकूल असेल आणि नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल, तर खऱ्याखुऱ्या शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा परवाना देणं अपेक्षित आहे. ठासणीची पुरणार नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटली तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. बारा बोर (काडतुसाची बंदूक) हवी असेल तर 'ठासणीची का पुरत नाही' हे अर्जात लिहा: कळप मोठा, पावसाळी भाग, दारू दमट होते, वगैरे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही. नकाराची कारणं लेखी मागा आणि ३० दिवसांच्या आत अपील करा.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनाऐवजी पाच वर्षं आहे, आणि एका व्यक्तीकडे तीनाऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी द्या. मुदत संपलेला परवाना म्हणजे विनापरवाना शस्त्र, आणि त्याला दोन ते पाच वर्षं कैद आहे.

आमचं गाव अभयारण्याला लागून आहे. फरक पडतो का?

खूप. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी नोंदणी करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. राधानगरी, कोयना, चांदोली, ताडोबाच्या आसपासचे अर्ज महिनोन् महिने का अडकतात याचं उत्तर बहुधा इथे असतं: जिल्हाधिकारी कार्यालय संमतीची वाट पाहतं आणि अर्जदार पोलीस ठाण्यात चकरा मारतो. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायलाही वेगळी परवानगी हवी.

एअरगनला परवाना लागत नाही ना? मग तिने मारलं तर?

ठरावीक मर्यादेखालच्या एअरगनला (४.५ मिलिमीटरपर्यंतचा छर्रा, २० जूलच्या आत ऊर्जा) परवान्यातून सूट आहे. पण शिकारीच्या व्याख्येत हत्यार कोणतं हा प्रश्नच नाही. गलोलीने कवडा पाडला तरी ती शिकारच. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडव समाजाला बंदूक परवान्यातून मिळालेल्या सवलतीचंही तसंच: सूट परवान्यातून आहे, वन्यजीव कायद्यातून नाही.

परवानगी मिळाली. आता प्रत्यक्ष बार काढताना काय चुकतं?

अपघात जनावरामुळे कमी आणि घाईमुळे जास्त होतात.

पहिलं कारण, आवाजावर बार. उसात खसफस झाली, कोणीतरी 'आलं!' म्हणालं, बार निघाला, आणि आत राखणीला गेलेला शेजारी होता. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये. उभ्या उसात गोळी चालवायचीच नाही.

दुसरं, मागचा आडोसा. माळ्यावरून खाली बार काढला की चुकलेली गोळी मातीत जाते. सपाट जमिनीवर उभं राहून काढला तर ती पुढच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते. मोठे छरे ३५-४० मीटरपर्यंतच नीट काम करतात, पण उडत काही शे मीटर जातात. एकगोळी काडतूस किलोमीटरच्या पुढेही. 'लांबून मारून बघू' म्हणजे जखमी डुक्कर, आणि जखमी डुक्कर झाडीत दबा धरून बसतं. त्याच्या मागे रात्री जाऊ नका. उजाडल्यावर वनरक्षकासोबत जा.

तिसरं, ठासणीची बंदूक. काळी दारू ओल धरते, म्हणून पावसाळ्यात बार फुसका जातो. अशा वेळी नळीत डोकावणं किंवा लगेच दुसरी दारू भरणं हे हातापायाशी खेळणं आहे. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. बार उशिरा उडू शकतो. दुहेरी भरण टाळायला दारू ठासायच्या गजावर दोन खुणा करा, रिकाम्या नळीची आणि भरलेल्या नळीची, आणि प्रत्येक वेळी गज टाकून बघा. काडतुसातली धूरविरहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही नाही. तिचा दाब ती जुनी नळी सोसत नाही, फाटते.

आणि बंदूक परवान्यावर नाव असलेल्यानेच चालवायची. 'माझी नजर कमी झाली, पुतण्या मारेल' हे चालत नाही.

पूर्वीसारखा हाका करून पारध केली तर?

शेतातून डुक्कर हाकलणं वेगळं, आणि मारण्यासाठी बंदुकीसमोर हाकणं वेगळं. दुसरं शिकारीच्या व्याख्येत येतं: मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, मारण्यासाठी हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न. हाक्याला गेलेला, बंदूक हातात न घेतलेला माणूसही आरोपी होऊ शकतो. शिमग्याच्या पारधीला परंपरेचा आधार असेल, कायद्याचा नाही.

शिक्षा: रानडुकरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्यात किंवा अनुसूची १ च्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन, कमाल सात वर्षं आणि किमान २५ हजार दंड. दोष सिद्ध झाला तर न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करून पुढची पाच वर्षं नवा मिळू नये असाही आदेश देऊ शकतं. वापरलेली गाडीही जाते.

फासकी, करंट, गावठी बॉम्ब?

तिन्ही गुन्हे, आणि तिन्ही आंधळे. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकला की प्रकरण थेट अनुसूची १ चं होतं. तारेत घरगुती वीज सोडली आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत कलमं लागतात, शिवाय वीजचोरी वेगळी. बॉम्ब गाय-बैलांचे जबडे फोडतात. मे २०२० मध्ये केरळात पालक्कड जिल्ह्यात गाभण हत्तीण गेली ती अशाच स्फोटकाने. बंदुकीवर भांडणाऱ्या ग्रामसभेत या तिघांवर मात्र सहसा कोणी बोलत नाही, कारण या वस्तू कोणाच्याही घरात असू शकतात.

डुक्कर अंगावर आलं आणि मारलं तर?

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने मारलं तर कलम ११(२) प्रमाणे गुन्हा नाही. अट एकच: त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत नसावेत. शिकारीला गेलेल्याला हा बचाव नाही. लगेच वनरक्षकाला किंवा १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा आणि जनावर हलवू नका.

मारलेल्या डुकराचं मांस वाटून घेता येतं का?

नाही. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता आहे. वनखातं पंचनामा करतं आणि पुरून किंवा जाळून विल्हेवाट लावतं. परवानगी घेऊन मारलेल्या डुकराचं प्रकरण बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच: पंचनाम्याआधी वाटे पडतात आणि कायदेशीर काम बेकायदा होऊन बसतं.

डुकरं मारून नुकसान खरंच कमी होतं का?

बंदूकवाल्यांना आवडणार नाही, पण एकट्या बंदुकीने क्वचितच. मादी एका वेळी चार-सहा पिल्लं देते. हंगामात दोन-तीन डुकरं मारली तर कळप काही दिवस बिचकतो, शेजारच्या गावात सरकतो आणि परततो. दुसरीकडे, 'एकही मारू नका' म्हणणाऱ्यांनी एकदा पोटरीतल्या भातात रात्र काढून बघावी. परवानगी उपयोगी पडते ती ठरलेल्या शेतांत, पिकाच्या नाजूक तीन-चार आठवड्यांत, कुंपणासोबत वापरली तर.

कुंपण कोणतं, आणि ते बंद का पडतं?

सौर कुंपणाचा धक्का सेकंदाला एकदा, क्षणभर आणि कमी ऊर्जेचा असतो. त्याने माणूस मरत नाही. डुकरासाठी सगळ्यात खालची तार १५ ते २० सेंटिमीटरवर हवी, नाहीतर ते नाक घालून खालून जातं. गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि धक्का मरतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचं गवत काढा. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग काम करत नाही. तीन सळ्या, तीन-तीन मीटर अंतरावर, ओल लागेपर्यंत खोल ठोका आणि पाणी घाला. मापकावर तीन हजार व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर कुंपण नुसतं शोभेचं आहे. अनुदानासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

पीक नुकसानीचा अर्ज किती दिवसांत?

तीन दिवसांच्या आत. खुरांचे ठसे आणि लोळवलेलं पीक पंचनाम्यापर्यंत तसंच राहू द्या, फोटो काढा. रक्कम थोडी म्हणून अर्ज टाळू नका. परवानगी आणि परवाना दोन्हींसाठी हाच कागद पुढे लागतो.

निवडणुकीत बंदूक जमा करायलाच हवी का?

सरसकट नाही. जिल्ह्यातली छाननी समिती परवान्यांची तपासणी करून कोणाकडून जमा करून घ्यायची हे ठरवते. नोटीस आली तर जमा करा, पण पीक उभं असेल तर शेतसंरक्षणाचं कारण देऊन सवलतीचा अर्ज लगेच द्या. जमा केल्याची पावती जपा, आणि निकालानंतर बंदूक आठवणीने परत आणा. ठाण्यात गंजून पडलेल्या नळ्या कमी नाहीत.

लग्नात, जत्रेत हवेत बार?

२०१९ पासून स्वतंत्र गुन्हा. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच.

वडील वारले, त्यांची बंदूक घरात आहे. काय करू?

विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. मृत्यू दाखला, जुना परवाना आणि इतर वारसांची ना-हरकत जोडून स्वतःच्या नावाने अर्ज करा. परवाना हातात येईपर्यंत ती बंदूक शेतात न्यायची नाही, मग कळप बांधावर उभा असला तरी.